जियादच्या दंडाचं माप

रहमान होडेकरांना कुणी जियादबद्दल विचारलं की त्यांची पंचाईत होते. आठ महिने ते या माणसाला जवळजवळ रोज भेटत होते, पण सांगण्यासारखं त्यांना फारसं काही ठाऊक नाही. जियादला दफन करून अबू हामूरच्या कब्रस्तानातून बाहेर पडताना जियादच्या एका सुदानी सोबत्याने त्यांना बाजूला घेऊन विचारलं होतं, "हाज्जी, तुम्ही त्याच्या जवळचे. त्याची धाकटी मुलगी कैरोत कुणाकडे राहते, काही बोलला होता का?" जियादला मुलगी आहे हेच रहमानचाचांना त्या क्षणी कळत होतं. वय म्हणाल तर अंदाजपंचे, पन्नास-बावन्न. बापाचं नाव त्यांनी कधी विचारलं नव्हतं. त्यांच्यापाशी होती ती एक वही, आणि तिच्यात जियादच्या रक्तदाबाच्या अठ्ठावन्न नोंदी, तारीख-वेळेसकट. तेवढ्यावर माणूस कळत नाही, हे त्यांनाही समजतं.

ओळख झाली ती शाळेच्या बसमुळे. रहमानचाचा मूळचे रत्नागिरीकडच्या खाडीकाठचे. इथे आखातात, मेसाईदच्या कारखान्यात तीस वर्षं त्यांनी एकच काम केलं, मापयंत्रं तपासण्याचं. दाबाचे काटे, तापमानाचे काटे, कुठला खरं दाखवतो आणि कुठला खोटं, ते शोधायचं. आता निवृत्त होऊन अल मुंतझामध्ये मुलाकडे, फैसलकडे राहतात. सकाळी पावणेसहाला नातीचं दप्तर खांद्याला लावून खाली उभं राहायचं, एवढीच नोकरी उरली आहे. नात सुहाना तिसरीत, शाळा पार अल दुहैलला. बस जियाद चालवायचा. उंच, आडवा, काळाभोर माणूस, गालांवर जुन्या चिरांच्या तीन-तीन रेघा. हिंदी मोडकं बोलायचा पण बेधडक.

ऑक्टोबरातल्या एका सकाळी बस आली, दार उघडलं, आणि जियाद स्टिअरिंगवर कपाळ टेकून बसलेला.

"दादा, ही हॅज अ हेडेक," सुहाना आजोबांना म्हणाली.

त्या बसमध्ये चोवीस पोरं होती, पंचविसावी त्यांची. रहमानचाचांनी पायरीवरूनच विचारलं, "प्रेशर?"

जियादने मान वर केली. "प्रेशर, हाज्जी."

"आणि शुगर?"

"आमच्याकडे ही दोघं सुटी मिळत नाहीत," तो म्हणाला आणि हसला. "बसा बाळ, बसा. पाच मिनिटांत डोकं जागेवर येतं."

पोरांना सोडून आल्यावर जियाद दुपारच्या फेरीपर्यंत बस इमारतीमागच्या मोकळ्या जागेत लावायचा. रहमानचाचा त्या दिवशी आपलं यंत्र पिशवीत घालून तिथे गेले. यंत्र त्यांच्यासाठी फैसलने आणलेलं, कारण प्रेशर त्यांनाही होतं. बसच्या पुढच्या सीटवर जियादने दंड पुढे केला, चाचांनी पट्टा गुंडाळला, यंत्र घरघरलं, आणि आकडा आला एकशे बहात्तरवर एकशे चार.

"अरे, हा आकडा आहे की बसचा नंबर!" रहमानचाचा म्हणाले.

जियादला त्याचं काही वाटलं नाही. त्याच्या बापाला दोन्ही होतं, आईला दोन्ही, थोरल्या बहिणीला दोन्ही. "आमच्या मोहल्ल्यात ज्याला दोन्हींतलं एकच असतं, त्याला आम्ही बिनलग्नाचा म्हणतो," तो म्हणाला. "तुम्हाला काय काय आहे, हाज्जी?"

"फक्त प्रेशर."

"मग इन्शाल्ला, तुमचंही जमेल."

असल्या माणसाला काय सांगणार? पण सांगावं तर लागणारच होतं. शाळेच्या बसचालकांची दर वर्षी एप्रिलमध्ये वैद्यकीय तपासणी होते. मागच्या एप्रिलला जियाद कसाबसा काठावर पास झाला होता. तीत नापास झाला की बस हातची जाते. बस गेली की नोकरी जाते, आणि नोकरीबरोबर इथे राहण्याचा परवानाही. एरवी माणूस म्हणतो, गेलो तर गेलो, आपलं घर आहे. जियादचं घर सुदानात, ओमदुरमानला होतं. लढाईत त्याचं छप्पर उडालं आणि गल्ली ओस पडली, एवढं तो बोलला होता. म्हणजे एप्रिलपर्यंत त्या दोन आकड्यांना खाली आणायचं, नाहीतर या माणसाला जायला जागा नाही, असा हिशेब रहमानचाचांनी मनाशी मांडला. आणि लाजरेबुजरे असूनही ते त्याच्या मागे लागले.

हे मागे लागणं चार महिने चाललं. जियादकडे दवाखान्याची दोन कार्डं होती, सुट्टीत गावी गेला असताना काढलेली. सुदानमध्ये शुगरचा डॉक्टर सोमवारी बसायचा, प्रेशरचा बुधवारी, दोघं दोन टोकांना. त्यामुळे जियादच्या लेखी ते दोन परके आजार होते, दोन वेगळ्या रस्त्यांवर राहणारे. शुगरची गोळी आठवली तर घ्यायचा, प्रेशरची डोकं दुखलं तर. रहमानचाचांनी त्याला घोकून घोकून सांगितलं, "बाबा, ही जुळी भावंडं आहेत. एक आलं की दुसरं मागोमाग. एकाला सांभाळलंस आणि दुसऱ्याला सोडलंस तर दोन्ही मिळून तुझा काटा काढतील." तो मान डोलवायचा. खारवलेली मासळी सोड म्हटलं, तर त्याचा चेहरा असा व्हायचा की जणू आईला सोड म्हटलंय.

"हाज्जी, तुमच्या शर्टाला कसला वास येतोय?"

"कसला?"

"सुक्या मासळीचा."

आदल्या दिवशीच सून माहिराची नजर चुकवून रहमानचाचांनी दोन सुके बांगडे भाजून खाल्ले होते. "आपण माझ्याबद्दल बोलत नाही आहोत," ते म्हणाले.

पण जियादने ऐकलं, हे कबूल करायला हवं. मासळी सोडली. सहा चमच्यांच्या चहावरून दोनवर आला. दोन्ही गोळ्या रोज घ्यायला लागला, पाकिटं आणून दाखवायचा. आणि तरीही आकडा हलेना. एकशे बहात्तर. एकशे सत्तर. एकशे चौऱ्याहत्तर. जानेवारी उजाडला तरी तेच. रहमानचाचांची चिडचिड व्हायला लागली. रोज एवढं डोकं फोडायचं आणि काटा तिथल्या तिथे!

एक दिवस त्यांच्या तोंडून निघून गेलं, "तू चोरून खातोस."

"वल्लाह, नाही खात."

"मग हे काय आहे? यंत्र खोटं बोलतं?"

"मला काय माहीत? यंत्र तुमचं आहे, हाज्जी. माझी तर जीभ मेली अळणी खाऊन!" जियादने बसचं दार बंद केलं. पुढचे दोन दिवस तो पोरांकडे बघून हसला, चाचांकडे बघितलंच नाही.

फेब्रुवारीत एका सकाळी मोजताना पट्टा मध्येच चर्रकन सुटला. यंत्र फुगवत होतं, पट्टा दंडाला पुरत नव्हता. रहमानचाचांनी तो पुन्हा लावण्यासाठी हातात घेतला, आणि त्याच्या कडेला बारीक अक्षरांत छापलेली ओळ त्यांना पहिल्यांदाच दिसली. बावीस ते बत्तीस सेंटीमीटर. ते तसेच वर घरी गेले, माहिराच्या शिवणाच्या डब्यातली टेप घेऊन खाली आले आणि जियादच्या दंडाला लावली. एकेचाळीस.

रहमानचाचांची तीस वर्षं मेसाईदला हाताखालच्या पोरांना ओरडण्यात गेली होती, की काटा लावण्याआधी त्याची मर्यादा बघा, लहान मापाचा काटा मोठ्या नळीला लावू नका. आणि स्वतः चार महिने लहान पट्टा ताणताणून बांधत होते. लहान पट्टा आवळून बसतो आणि आकडा फुगवून दाखवतो, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. कुणाला सांगायची सोय नव्हती.

मोठा पट्टा औषधांच्या दुकानात मागवावा लागला, दहा दिवस गेले. तो लावला, आणि आकडा आला एकशे बावन्नवर चौऱ्याण्णव.

जियादने आकडा वाचला. पुन्हा वाचला. मग त्याने अशी आरोळी ठोकली की शेजारच्या गाळ्यातला न्हावी बाहेर आला.

"वीस! वीस तुमचे होते, हाज्जी! चार महिने मी तुमचे वीस उचलून फिरत होतो!"

"चुकलं माझं," रहमानचाचा म्हणाले. "पण हे बघ, एकशे बावन्न म्हणजेसुद्धा..."

"शुक्रवारी खोलीवर या. हा पट्टा घेऊन या. सगळ्यांचे दंड बघा."

नको म्हणायचं धाडस रहमानचाचांना कधीच झालं नाही, ही त्यांची जन्माची खोड. ते गेले. मागच्या गल्लीतल्या त्या खोलीत दर शुक्रवारी जियादच्या ओळखीचे सुदानी जमायचे, उशिराची न्याहारी करायला. बाकल्याचे घेवड्यासारखे दाणे उकडून ठेचलेले, वर तेल, वर खारट पांढरं चीज, आणि पेल्यात चहा की साखरेचा पाक, ते ओळखू येऊ नये असा. नऊ माणसं होती. ड्रायव्हर, एक मेकॅनिक, एक वेस्ट बेच्या टॉवरमधला पहारेकरी, एक म्हातारे शाळामास्तर. नऊपैकी सात जणांना दोन्ही आजार. त्यांतल्या पाच जणांना ते इथे नोकरीच्या तपासणीत कळले होते. त्याआधी कुणी कधी डॉक्टरकडे फिरकलं नव्हतं. तपासलंच नाही तर आजार येतो कुठून, असा सगळ्यांचा सरळ विचार. रहमानचाचांनी एकेकाचा दंड मोजला. बहुतेकांचा पस्तीसच्या वर. मोठा पट्टा लावला की कुणाचे दहा उतरत होते, कुणाचे अठरा. प्रत्येक आकड्याला टाळ्या पडत होत्या. मेकॅनिकने तर चाचांचं डोकं धरून कपाळाचा मुका घेतला.

"आणि शुगर?" रहमानचाचांनी विचारलं. "शुगर कुणाची किती?"

इथे शुगर मोजतात ती वेगळ्या मापात. जेवणाआधी सातच्या आत हवी. जियाद म्हणाला, "माझी चौदा."

"चौदा म्हणजे फार आहे, जियाद."

"प्रेशर दीडशे आणि शुगर चौदा! मूल आहे हो बिचारं ते. त्याच्यामागे काय लागता?" सगळे हसले. शाळामास्तरांनी चाचांच्या पेल्यात आणखी चहा ओतला.

झाली चूक ती इथेच झाली, असं रहमानचाचांना नंतर अनेकदा वाटलं. पण त्या दिवशी लोक इतके खुशीत होते की त्यांना गप्प बसणं बरं वाटलं.

दोन आठवड्यांनी बसमध्ये त्यांनी सहज विचारलं, "गोळ्या आहेत का शिल्लक, की आणायच्यात?"

"खलास," जियाद म्हणाला.

"संपल्या?"

"मी खलास केल्या. बंद."

"कोणत्या?"

"दोन्ही. आम्ही चौघांनी बंद केल्या." तो अगदी प्रेमाने बोलत होता, जणू चाचांवर उपकार करतोय. "तुम्हीच शिकवलंत ना, हाज्जी? ही जुळी भावंडं, एकाचं ते दुसऱ्याचं. मग एक भाऊ खोटारडा निघाला, तर दुसऱ्यावर विश्वास कसा ठेवायचा?"

रहमानचाचांनी कपाळाला हात लावला. "अरे, खोटा पट्टा होता! आजार नाही खोटा! आणि शुगर काय पट्ट्याने मोजतात का?"

"तुम्ही चिडू नका. तुमचं प्रेशर वाढेल."

"माझं वाढलंच आहे! तुझ्यामुळे!"

"मोजू का?" जियादने विचारलं. "तुमच्या दंडाला छोटा पट्टा बरोबर बसतो."

पुढचा सबंध आठवडा रहमानचाचांनी एका कागदावर काय बोलायचं ते लिहून काढलं, हिंदीत, सोप्या शब्दांत. शुक्रवारी ते न बोलावता खोलीवर गेले. सगळे जमले होते. ते उभे राहिले आणि कागद काढला. "भाईंनो," ते म्हणाले, "दीडशे म्हणजेसुद्धा..."

"आधी बसा, हाज्जी," शाळामास्तर म्हणाले. "उभ्याने बोललं की अन्न रागावतं."

ते बसले. बसल्यावर ताट आलं. ताटामागून चहा आला. कागद खिशात गेला तो गेलाच. परतताना त्यांच्या हातात बाकल्याचा डबा होता, माहिरासाठी दिलेला. पालथ्या घड्यावर पाणी ओतायला गेले आणि स्वतःच भरून आले. घरी माहिराने डब्याचं झाकण उघडून चाखलं आणि म्हणाली, "अब्बा, केवढं मीठ हे! तुम्ही खाल्लंत?"

शाळेला कळवावं का, हा विचार त्यांच्या मनात आला होता. नात त्या बसने जात होती. चार रात्री ते त्यावर कुशी बदलत राहिले. पण कळवायचं म्हणजे जियादच्या पायाखालची जमीन आपल्या हाताने काढायची. त्यांनी कळवलं नाही. सकाळी बस आली की आधी त्याच्या डोळ्यांकडे बघायचे, मग नातीला चढवायचे. हे बरोबर होतं की चूक, त्यांना आजही ठरवता येत नाही.

एप्रिलमध्ये तपासणी झाली. तिथला पट्टा मोठाच होता. आकडा आला एकशे सहासष्टवर शंभर, शुगर सतरा. डॉक्टरांनी कागदावर लिहिलं, सहा आठवडे बस चालवायची नाही, त्यानंतर पुन्हा तपासणी, ती शेवटची. शाळेने तोवर त्याला फाटकावर उभं केलं. ज्या बसमध्ये तो पंधरा वर्षं राजासारखा बसला होता, तिला हात दाखवून आत घ्यायचं काम. सुहाना घरी येऊन म्हणाली, "न्यू अंकल डझन्ट नो माय नेम."

जियाद त्या संध्याकाळी खाली आला. हसला नाही. दंड पुढे केला आणि म्हणाला, "लावा, हाज्जी. मोठा पट्टा लावा."

"गोळ्या?"

"सकाळपासून चालू. दोन्ही."

खरं तर तेव्हा रहमानचाचांना बोलायचं होतं. सांगायचं होतं की चूक माझी, मी चार महिने तुला खोटे आकडे दिले, म्हणून तू खऱ्या आकड्यावर विश्वास ठेवला नाहीस. ते वाक्य ओठांपर्यंत आलं. पण यंत्र घरघरत होतं, आणि मोजताना बोलायचं नसतं. मोजून झाल्यावर नोंद करायची होती. नोंद झाल्यावर जियाद उठला होता.

त्या सहा आठवड्यांत आकडे उतरत गेले. एकशे अठ्ठावन्न, एकशे पन्नास, एकशे चव्वेचाळीस. शुगर सतरावरून बारा, बारावरून नऊ. जियाद फाटकावरच्या उन्हातून होरपळून यायचा, पण यायचा. "मूल मोठं झालं होतं हो," तो शुगरबद्दल म्हणाला, "आता पुन्हा रांगायला लागलंय." त्याने मेकॅनिकला धरून दवाखान्यात नेलं. पहारेकरी आपणहून गेला. शाळामास्तर मात्र म्हणाले, माझं वय झालं, मला अन्न रागावलेलं चालणार नाही.

पुन्हा तपासणी रविवारी होती. शनिवारी दुपारी जियाद खोलीत नमाजासाठी उठला आणि तिथेच कोसळला. मेंदूत रक्तस्राव झाला होता. इस्पितळात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

रहमानचाचांनी नंतर दोन डॉक्टरांना विचारलं. एक फैसलचा मित्र, एक आरोग्य केंद्रातला. मधले जे आठवडे त्याने गोळ्या बंद केल्या होत्या, त्यामुळे हे झालं का? पहिला म्हणाला, सांगता येत नाही, कित्येक वर्षं दोन्ही आजार अंगात होते. दुसरा म्हणाला, चाचा, अशा गोष्टींचं एकच कारण नसतं. म्हणजे कुणी हो म्हणत नव्हतं आणि कुणी नाही म्हणत नव्हतं. ज्या माणसाने आयुष्यभर काट्यांकडून हो किंवा नाही काढून घेतलं, त्याला या उत्तराचा संताप आला. पण तो काढायचा कुणावर?

शेवटचं बोलणं झालं ते गुरुवारी संध्याकाळी. जियाद इमारतीच्या दारात आला होता. रहमानचाचांनी खुर्ची दिली, मोजलं. एकशे छत्तीसवर चौऱ्याऐंशी. आठ महिन्यांतला सगळ्यात चांगला आकडा. चाचांनी वही बंद केली आणि लिफ्टचं बटण दाबलं, कारण वर माहिरा जेवायला थांबली होती.

"हाज्जी, रविवारी कोणता शर्ट घालू?" जियादने मागून विचारलं.

"अर्ध्या बाह्यांचा. लांब बाही वर सरकवली की दंडाला काचते, आकडा चुकतो."

"अर्ध्या बाह्यांचे दोन आहेत. पांढरा आणि निळा."

"कोणताही घाल रे! डॉक्टर काय रंग बघणार आहे?"

"पांढरा बरा दिसतो. पण तो धुवायला दिलाय, शनिवारी मिळेल की नाही कोण जाणे."

लिफ्ट आली. रहमानचाचा आत शिरले आणि दार बंद होता होता वैतागून म्हणाले, "मग निळा घाल."

"बरं," जियाद म्हणाला.